काल घेतलेलं डोमेन, आज आलेला स्पॅम: मेल ॲडमिन हे पकडतात कसे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नवीन डोमेन म्हणजे नक्की किती नवीन?

डोमेन म्हणजे मेलच्या पत्त्यातलं @ च्या पुढचं किंवा वेबसाइटचं नाव. ते किती दिवसांचं असलं की नवीन म्हणायचं याला एकच एक व्याख्या नाही, आणि निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. स्पॅमवाल्यांच्या याद्या ठेवणाऱ्या स्पॅमहाऊस संस्थेची झेडआरडी नावाची लिस्ट आहे, झीरो रेप्युटेशन डोमेन, ती फक्त पहिल्या २४ तासांचा विचार करते. स्पॅम ईटिंग मंकी या अशाच दुसऱ्या सेवेच्या फ्रेश लिस्ट ५, १०, १५ आणि ३० दिवसांच्या आहेत. मेलला गुण देऊन स्पॅम ठरवणाऱ्या स्पॅमअसॅसिन प्रोग्रॅमच्या नियमांत ७, १४, २८ दिवस असे टप्पे दिसतात. पालो आल्टो या सुरक्षा कंपनीच्या युनिट ४२ या संशोधन गटाने २०१९ मध्ये अभ्यास केला तेव्हा त्यांनी ३२ दिवसांची रेघ मारली होती, आणि त्यांच्या वर्गवारीत अशा डोमेनपैकी ७० टक्क्यांहून जास्त डोमेन घातक, संशयास्पद किंवा ऑफिसात उघडू नयेत अशी निघाली.

शिवाय घड्याळं दोन आहेत. एक रजिस्ट्रीकडची, म्हणजे डॉट कॉम, डॉट इन अशा एक्स्टेन्शनची मुख्य नोंदवही सांभाळणाऱ्या संस्थेकडची, नोंदणीची तारीख, आणि दुसरं म्हणजे जगात कुणीतरी ते डोमेन पहिल्यांदा डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून सर्व्हरचा आयपी पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेत, विचारलं तो क्षण. दोन्हींत तासांचा फरक असू शकतो नाहीतर वर्षांचाही. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण स्पॅमवाल्यांना नवीनच डोमेन कशाला लागतं?

कारण त्याची बदनामी अजून झालेली नसते, बस. ब्लॉकलिस्ट म्हणजे शेवटी इतिहास, आणि ज्याला इतिहासच नाही त्याला पकडणार कशावरून. पूर्वी आयपी बघून बरंचसं काम भागायचं, पण आता स्पॅम मोठ्या क्लाउडवाल्यांच्या नाहीतर बल्क मेल कंपन्यांच्या आयपीवरून येतो, तो आयपी ब्लॉक केला तर त्याच आयपीवरून येणारी तुमची वीजबिलंसुद्धा अडकतात. त्यामुळे आयपी वाटून घेतलेला आणि डोमेन मात्र वापरून फेकायचं असा धंदा झालाय. दहा-वीस डोमेन एकदम घ्यायची, प्रत्येकावरून थोडे थोडे मेल सोडायचे म्हणजे एकही नाव फार उठून दिसत नाही, याला स्नोशू स्पॅम म्हणतात.

आणि स्वस्त पडतं हो. काही एक्स्टेन्शनला पहिल्या वर्षाची ऑफर चहा-वडापावच्या भावात असते. डॉट टीके, डॉट एमएल वगैरे तर फ्रीनॉम कंपनी वर्षानुवर्षं फुकट वाटत होती, २०२३ च्या सुरुवातीला त्यांनी नवीन नोंदणी बंद केली, मार्चमध्ये मेटाने केस टाकल्याची बातमी आली आणि २०२४ मध्ये फ्रीनॉमने या धंद्यातून बाहेर पडतोय असं जाहीर केलं. त्याच्याही आधी डोमेन टेस्टिंगचा, म्हणजे डोमेन चाखून परत करण्याचा, प्रकार होता. नोंदणी केल्यावर ५ दिवसांत रद्द केलं तर पैसे परत, असा डोमेन नावांचा जागतिक कारभार बघणाऱ्या आयकॅनचा नियम होता, तर लोक लाखांनी डोमेन घ्यायचे, ५ दिवस चालवायचे आणि परत करायचे. २००८-०९ मध्ये आयकॅनने ठरावीक मर्यादेपुढच्या रद्द डोमेनचा परतावा बंद केला तेव्हा ते थांबलं. जुन्या लिस्टमध्ये ५ दिवस हाच आकडा का दिसायचा त्याचं मूळ बहुधा इथेच आहे.

एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क सगळं पास दाखवतंय, मग तो मेल स्पॅम कसा?

या पाठवणारं डोमेन खरं आहे का ते तपासायच्या तीन पद्धती, आणि या तिन्हींतून एवढंच कळतं की मेल खरोखर त्याच डोमेनकडून आलाय. डोमेन कुणाचं आहे आणि त्याची नियत काय, ते नाही कळत. गुगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणात (गुगलच्या हिशोबाने रोज ५००० च्या वर) मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं केल्यापासून तर स्पॅमवाले पहिल्या तासातच सगळी रेकॉर्ड्स नीट लावतात, आपल्याकडच्या कितीतरी खऱ्या संस्थांपेक्षा व्यवस्थित. पास झालं म्हणून स्पॅमचे गुण कमी करणारा नियम तुमच्या सर्व्हरवर असेल तर आजच काढा.

डोमेन नवीन आहे हे सर्व्हरला कळतं कुठून?

तुमच्या सर्व्हरला स्वतःहून काहीच कळत नाही. कुणीतरी जगभर पाळत ठेवून लिस्ट बनवतं आणि तुमचा सर्व्हर त्या लिस्टला विचारतो. ती पाळत साधारण तीन-चार ठिकाणी असते.

पहिली म्हणजे झोन फाइल. डॉट कॉम, डॉट टॉप, डॉट एक्सवायझेड अशा जेनेरिक एक्स्टेन्शनची पूर्ण यादी आयकॅनच्या सीझेडडीएस या सेवेतून अर्ज करून मिळते, कालची फाइल आणि आजची फाइल शेजारी ठेवली की जी नावं वाढली ती नवीन. सोपंय, पण दोन भोकं आहेत. फाइल दिवसातून एकदा मिळते, आणि डॉट कॉमचं डोमेन घेतल्यावर काही मिनिटांत चालू होतं, म्हणजे सकाळी १० ला घेतलेल्या डोमेनवरून दुपारी १२ ला स्पॅम येऊन गेला तरी फाइलला अजून पत्ता नसतो. दुसरं म्हणजे डॉट इन सारखी देशांची एक्स्टेन्शन त्यात येत नाहीत.

म्हणून दुसरी पाळत, पॅसिव्ह डीएनएस. ठिकठिकाणच्या मोठ्या रिझॉल्व्हरवर (आपल्या वतीने डीएनएसला विचारून उत्तर आणणारे सर्व्हर) सेन्सर बसवलेले असतात, रिझॉल्व्हर पुढच्या नेमसर्व्हरला, म्हणजे डोमेनची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरला, काय विचारतो आणि काय उत्तर येतं ते टिपतात. कुठल्या माणसाने विचारलं ते त्यात येत नाही, फक्त नाव येतं. आजवर कधीच न दिसलेलं नाव दिसलं की ते लगेच नवीन म्हणून फीडमध्ये पडतं, मग एक्स्टेन्शन कुठल्याही देशाचं असो. पॉल व्हिक्सी यांच्या फारसाइट सिक्युरिटीने हे काम मोठ्या प्रमाणावर केलं, ही कंपनी २०१३ मध्ये सुरू झाली आणि २०२१ मध्ये डोमेनटूल्सने विकत घेतली. गंमत म्हणजे १९९७ मधली पहिली डीएनएस ब्लॉकलिस्ट ज्यांनी सुरू केली त्यातलेच हे व्हिक्सी.

तिसरी पाळत सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सीचे लॉग. लिंकवर कुलूप दिसायला हवं म्हणून स्पॅमवाला फुकटचं टीएलएस सर्टिफिकेट घेतो, आणि ब्राउझरनी ते मानायचं असेल तर सर्टिफिकेटची नोंद सार्वजनिक लॉगमध्ये व्हावी लागते, २०१८ पासून क्रोमने ही अट घातलीय. म्हणजे मेल सुटायच्या आधीच डोमेनचं नाव तिथे येऊन पडलेलं असू शकतं.

उरलं ते आरडीएपी, म्हणजे डोमेन कधी आणि कुणाकडे नोंदवलं हे विचारायच्या जुन्या व्होइज सोयीची नवी आवृत्ती.

मग प्रत्येक मेल आला की व्होइज मारून तारीख बघू का?

नका. दिवसाला काही हजार मेल येत असतील तर रजिस्ट्री दोन मिनिटांत तुमचा आयपी अडवेल, आणि अडवला नाही तरी प्रत्येक मेलमागे काही सेकंद थांबत बसाल. शिवाय जेनेरिक एक्स्टेन्शनवाल्यांना व्होइज चालू ठेवायची सक्ती २८ जानेवारी २०२५ ला संपली, आता आरडीएपी. त्याचं उत्तर जेसॉन या ठरावीक साच्यात येतं आणि त्यात इव्हेंट्सखाली नोंदणीची तारीख सरळ वेगळी काढता येते, व्होइजसारखं डोमेन विकणाऱ्या प्रत्येक रजिस्ट्रारचा वेगळा फॉरमॅट फोडत बसायला नको. युरोपच्या जीडीपीआर या खासगीपणाच्या कायद्यानंतर २०१८ पासून मालकाचं नाव बहुतेक ठिकाणी झाकलेलं असतं, तारीख मात्र दिसते, आपल्याला तेवढीच हवी.

वापरायचंच तर असं वापरा: बाकी तपासण्या झाल्यावरही जे मेल मधल्या स्कोअरवर लटकतात फक्त त्यांच्यासाठी, आणि आलेली तारीख कॅशमध्ये ठेवा. नोंदणीची तारीख काही रोज बदलत नाही.

डीएनएस लिस्टला विचारायचं म्हणजे काय होतं प्रत्यक्षात?

मेलमधलं डोमेन घ्यायचं, त्याच्या मागे लिस्टच्या झोनचं नाव जोडायचं आणि त्या लांबलचक नावाचं ए रेकॉर्ड (म्हणजे आयपी पत्ता) मागायचं. असं नावच नाही असं उत्तर आलं तर डोमेन लिस्टवर नाही. लिस्टवर असेल तर १२७ ने सुरू होणारा एक खोटा आयपी मिळतो आणि त्याच्या शेवटच्या आकड्यात अर्थ असतो. झेडआरडीमध्ये १२७.०.२.२ पासून १२७.०.२.२४ पर्यंत उत्तरं येतात, शेवटचा आकडा म्हणजे डोमेन पहिल्यांदा दिसल्याला किती तास झाले. म्हणजे ३ तासांच्या डोमेनला जास्त आणि २२ तासांच्याला कमी स्कोअर असं लावता येतं, हे बरेच जण करतच नाहीत, मिळालं उत्तर की ठोक सरसकट.

आता इथे लोक हमखास आपटतात. गुगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून स्पॅमहाऊसला विचारलं तर ते १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर देतात, त्याचा अर्थ "तुमचा प्रश्न या मार्गाने घेणार नाही". पण कॉन्फिगमध्ये कुठलंही उत्तर म्हणजे लिस्टेड असं धरलेलं असेल तर येणारा प्रत्येक मेल परत जायला लागतो, सोमवारी सकाळी फोन सुरू होतात आणि मेल बंद का आहे ते कुणाला कळत नाही. म्हणून पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये लिस्टच्या नावापुढे बरोबरचं चिन्ह टाकून नेमके कोणते कोड मानायचे ते लिहा, आणि सर्व्हरवर स्वतःचा अनबाउंड सारखा रिझॉल्व्हर चालवा. बंद पडलेल्या लिस्टही कॉन्फिगमधून काढत चला. ओआरडीबी ही आयपीची लिस्ट २००६ च्या डिसेंबरात बंद झाली तरी लोक विचारतच राहिले, शेवटी २००८ च्या मार्चमध्ये त्यांनी प्रत्येक प्रश्नाला होकार द्यायला सुरुवात केली आणि ज्यांनी ती ओळ काढली नव्हती त्यांचे सगळे मेल परत गेले.

झेडआरडीसाठी स्पॅमहाऊसची चावी घ्यावी लागते आणि ती चावी प्रश्नातल्या नावातच असते, त्यामुळे रिजेक्टच्या मेसेजमध्ये ती समोरच्याला दिसू शकते. पोस्टफिक्समध्ये उत्तराचा मजकूर बदलायचा मॅप असतो, तो लावा.

एका मेलमध्ये दहा डोमेन असतात, तपासायचं कुठलं?

जमतील तेवढी सगळी, पण वजन वेगवेगळं. एन्व्हलपमधला (दोन सर्व्हरच्या बोलण्यातला) सेंडर, फ्रॉम हेडर, रिप्लाय टू, हेलोमध्ये (जोडणी करताना सर्व्हर स्वतःची ओळख देतो त्यात) सांगितलेलं नाव, आयपीवरून उलट शोधलेलं नाव, डीकेआयएमच्या सहीतलं डोमेन आणि बॉडीतल्या लिंका. यातलं सगळ्यात कामाचं म्हणाल तर लिंक आणि रिप्लाय टू, कारण बाकीचं सगळं उधारीचं चालतं, पण बळीला जिथे न्यायचंय किंवा जिथे उत्तर मागवायचंय ते ठिकाण स्वतःच्या ताब्यात असावंच लागतं. फ्रॉममध्ये हॅक झालेल्या एखाद्या शाळेचं दहा वर्षं जुनं डोमेन आणि आत लिंक मात्र काल जन्मलेली, हे कॉम्बिनेशन कायम येतं. ज्यांनी फक्त सेंडर तपासायची ओळ लावलीय त्यांच्याकडून हे सगळं आत जातं.

एक पायरी आणखी खाली जाता येतं. त्या डोमेनचे नेमसर्व्हर कोणते आणि ते कुठल्या आयपीवर आहेत. डोमेन आजचं असतं पण नेमसर्व्हर त्याच टोळीचे जुनेच असतात, स्पॅमअसॅसिनचा एक नियम लिंकमधल्या डोमेनच्या नेमसर्व्हरचा आयपी स्पॅमहाऊसच्या एसबीएल या आयपीच्या लिस्टमध्ये आहे का एवढंच बघतो आणि त्यातही बरेच सापडतात.

आणि हो, मुख्य डोमेन कापताना पब्लिक सफिक्स लिस्ट (कुठल्या शेपटांखाली डोमेन घेता येतं त्याची यादी) वापरा आणि ती ताजी ठेवा. शेवटचे दोन तुकडे घ्या असा साधा नियम लिहिला तर डॉट को डॉट इन वरच्या प्रत्येक कंपनीसाठी तुम्ही नुसतं "को डॉट इन" विचारत बसाल आणि काहीच सापडणार नाही.

नवीन डोमेन दिसलं की सरळ रिजेक्ट का नको?

कारण खरी माणसंही डोमेन नवीनच घेतात, जुनं कुठून आणणार! आपल्याकडचं ताजं उदाहरण बँकांचं. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन वर जायला सांगितलं, नोंदणीचं काम रिझर्व्ह बँकेच्याच आयडीआरबीटी या संस्थेकडे. त्यात मोठ्या बँका आल्या तशा नागरी सहकारी बँकाही आल्या. म्हणजे फिशिंग रोखण्यासाठीच घेतलेली ही डोमेन, आणि वयाच्या तक्त्यात मात्र सगळी ताजी, पहिल्या महिन्यात सरसकट रिजेक्ट लावणाऱ्यांच्या लेखी संशयितच. लग्नाच्या पत्रिकेचं डोमेन, निवडणुकीतल्या उमेदवाराचं, नवीन गृहनिर्माण सोसायटीचं, सगळ्यांचं हेच.

म्हणून वय हा पुरावा धरू नका, वजन धरा. स्पॅमअसॅसिनची मूळ रेघ ५ गुणांची आहे, तर नुसत्या वयाला २-३ गुणांच्या वर देऊ नका, बाकीचे गुण मजकुरातून, लिंकमधून, आधी कधी ओळख होती का त्यातून येऊ द्या. नवीन नियम लावताना पोस्टफिक्समध्ये वॉर्न इफ रिजेक्ट आधी लावा, मेल अडत नाही पण अडला असता अशी नोंद लॉगमध्ये पडते, आठवडाभर ती वाचा आणि मग ठरवा.

अपवाद एकच मानतो: काही तासांचं डोमेन, त्यात तुमच्या बँकेचं किंवा आयकराचं नाव जोडलेलं, आणि आत लॉगिनची लिंक. तिथे रिजेक्ट करा, हळहळू नका.

ग्रेलिस्टिंग तर जुनं झालं ना, आता काय उपयोग?

सरसकट सगळ्यांना लावायचं ग्रेलिस्टिंग जुनं झालं हे मान्य. २००३ मध्ये ते आलं तेव्हा विचार असा होता की स्पॅमचे बॉट दुसऱ्यांदा प्रयत्न करत नाहीत, म्हणून पहिल्यांदा "नंतर या" असा ४५० चा कोड द्यायचा, खरा सर्व्हर परत येतो, बॉट येत नाही. आता स्पॅमवालेही नीट सर्व्हर वापरतात आणि परत येतात. पण ताज्या डोमेनच्या बाबतीत ते परत येतात की नाही याला महत्त्वच नाही, मधल्या वेळात काय होतं त्याला आहे. तुम्ही तासभर थांबवलं त्या तासात तोच स्पॅम जगातल्या हजारो सापळ्यांच्या (स्पॅम पकडायला मुद्दाम ठेवलेल्या) पत्त्यांवर पडतो, डोमेन ब्लॉकलिस्टवर चढतं, आणि तो परत दार वाजवतो तेव्हा तुमच्याकडे वयाच्या शंकेऐवजी ठोस उत्तर असतं. स्पॅमवाल्याची कमाई पहिल्या काही तासांतच आहे, ते तासच काढून घ्यायचे.

तर सगळ्यांना नाही, फक्त २४ तासांच्या आतल्या डोमेनना, आणि ५ मिनिटांऐवजी तास-दीड तास. खऱ्या पाठवणाऱ्याचं काही बिघडत नाही, मेलचं प्रमाणित वागणंच असं आहे की ४-५ दिवस प्रयत्न करत राहायचं. अडचण येते ती ओटीपी आणि पासवर्ड रीसेटच्या मेलची, पण जन्माला येऊन चार तास झालेल्या डोमेनकडून तुम्हाला ओटीपी हवाय असा प्रसंग कितीदा येतो? ग्रेलिस्टची नोंद मात्र आयपीवर नको, डोमेनवर करा, मोठे पाठवणारे प्रत्येक प्रयत्नाला वेगळ्या आयपीवरून येतात आणि मग बिचाऱ्यांचा नंबर कधी लागतच नाही.

मेल आत गेला आणि तासाभराने डोमेन लिस्टवर आलं, मग?

मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये झॅप नावाची सोय आहे, पोचलेला मेल नंतर उचलून जंकमध्ये किंवा क्वारंटाइनमध्ये टाकते, आणि सेफ लिंक्स क्लिक करतेवेळी पत्ता पुन्हा तपासते. स्वतःचा डव्हकॉट हा मेलबॉक्स सर्व्हर असेल तर हेच हाताने: गेल्या काही तासांतल्या मेलमधली ताजी डोमेन लॉगला लिहीत चला, दर अर्ध्या तासाने पुन्हा विचारा, आणि होकार आला तर डव्हॲडमच्या कमांडने ते मेल क्वारंटाइनच्या फोल्डरात हलवा. उडवू नका, हलवा.

त्यांनी डोमेन घेऊन महिनाभर तसंच ठेवलं तर ही सगळी मेहनत वाया ना?

काही प्रमाणात हो, आणि जाणते लोक तेच करतात. सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीवरच्या हल्ल्यातलं मुख्य डोमेन २०१८ मध्येच घेऊन ठेवलेलं होतं, वापर २०२० मध्ये. पण डोमेन मुरत ठेवायला आधी पैसे गुंतवावे लागतात, म्हणून रोजच्या सामान्य स्पॅमवाल्याला ते परवडत नाही आणि वयाची तपासणी त्याच्यासाठी कामाची राहतेच.

दुसरी वाट म्हणजे कुणाचं मुदत संपलेलं डोमेन उचलणं. पूर्ण सुटून परत घेतलं तर तारीख नवीन पडते, पण सुटायच्या आधी लिलावात घेतलं तर नोंदणीची तारीख जुनीच राहते आणि वय मस्त आठ-दहा वर्षं दिसतं. इथे सुरुवातीला म्हटलेलं दुसरं घड्याळ कामाला येतं. झोपलेलं डोमेन अचानक जागं झालं, नेमसर्व्हर बदलले, काल नसलेली एमएक्स (मेल कुठे घ्यायचे ते सांगणारी) नोंद आज आली, त्याच दिवशी सर्टिफिकेट निघालं, तर नोंदणी कधीचीही असो त्याला नवीनच समजायचं.

स्वतःकडे काही नोंद ठेवता येते का, फुकटात?

येते, आणि माझ्या मते विकतच्या फीडआधी हेच करावं. तुमच्या सर्व्हरने कुठलं डोमेन पहिल्यांदा कधी पाहिलं याचा एक साधा तक्ता रेडिस डेटाबेसमध्ये ठेवा: डोमेन, पहिली वेळ, किती मेलबॉक्सना गेलं, आपल्याकडून कुणी त्यांना कधी मेल पाठवलाय का. महिना-दोन महिने नुसतं भरू द्या. नंतर दिसायला लागतं की तुमच्या ऑफिसला रोज येणारी डोमेन मर्यादितच आहेत, आणि ज्याला आपण आधी कधी पाहिलं नाही असं डोमेन पहिल्याच तासात अकाउंट्सच्या सगळ्यांना मेल टाकतंय तर त्याचं जगातलं वय कितीही असो, आपल्यासाठी ते अनोळखी आहे. उलट आपल्या सेल्सवाल्याने काल ज्यांना कोटेशन पाठवलं त्यांचं डोमेन आठवड्याचं असलं तरी सोडायचं. ही माहिती कुठल्याही कंपनीच्या फीडमध्ये मिळणार नाही.

नुसतं नाव बघून ओळखता येतं का?

थोडंफार. डीएनएसट्विस्ट नावाचं फुकट टूल तुमच्या डोमेनसारखी दिसणारी नावं तयार करतं आणि त्यातली कुठली कुणी घेतलीत ते सांगतं, रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) चालवा, स्वतःच्या आणि मोठ्या व्हेंडरच्या नावासाठी. पण दुसऱ्या लिपीतलं डोमेन दिसलं म्हणून गुण लावू नका, डॉट भारत २०१४ पासून आहे आणि त्यात मराठीही येते. लक्ष द्यायचं ते एकाच नावात दोन लिप्या मिसळल्या असतील तेव्हा.

आमच्याच कंपनीने नवीन डोमेन घेतलंय आणि मेल सगळे स्पॅममध्ये जातायत, काय करू?

डोमेन घ्यायचं ठरलं की लगेच घ्या, वापर नंतर करा. वेबसाइट लावा, एसपीएफ-डीकेआयएम-डीमार्क लावा आणि पहिले दोन दिवस बाहेर काहीच पाठवू नका, २४ तासांच्या लिस्ट आपोआप मागे पडतात. मग ओळखीच्या लोकांशी साधे मेल, उत्तरं येऊ द्या, आणि न्यूजलेटर महिन्याभराने, तेही थोडं थोडं वाढवत. उद्घाटनाच्या सकाळी डोमेन घेऊन दुपारी पाच हजार निमंत्रणं पाठवणारे लोक असतात, त्यांना जी वागणूक मिळते ती बरोबरच मिळते. आणि त्या लिस्टवाल्यांना "आमचं नाव काढा" म्हणून मेल करू नका, वयाची लिस्ट आहे, दिवस भरले की नाव आपोआप जातं.

तक्रार कुठे करायची, आणि कुणी ऐकतं का?

डोमेनच्या रजिस्ट्रारकडे, आरडीएपीच्या उत्तरात त्यांचा ॲब्यूजचा पत्ता असतो. ५ एप्रिल २०२४ पासून आयकॅनचे बदललेले करार लागू आहेत, त्यानुसार जेनेरिक एक्स्टेन्शनच्या रजिस्ट्रारला फिशिंग, मालवेअर वगैरेच्या पुराव्यानिशी आलेल्या तक्रारीवर कारवाई करणं भाग आहे. नुसत्या स्पॅमवर तसं नाही, स्पॅममधून फिशिंग किंवा मालवेअर चालत असेल तरच तो त्यात मोडतो. डॉट इन असेल तर रजिस्ट्री निक्सीकडे आहे, आणि फसवणुकीचा प्रकार असेल तर सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेलाही कळवा. तक्रारीत मोबाइलवरचा स्क्रीनशॉट पाठवू नका, त्यात कुणाला काही सापडत नाही. मूळ मेल पूर्ण हेडरसकट अटॅचमेंट म्हणून जोडा, लिंक मजकुरात देताना क्लिक होणार नाही अशी मोडून लिहा, आणि वेळ लिहिताना सोबत भारतीय वेळ आहे हे नमूद करा.